दर चौथ्या सत्राला यार्ड तुंबतं: आधी वेबिलांचा हिशेब तपासा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर खऱ्या रेल्वेसारखी मालवाहतूक सत्रासत्रानं, म्हणजे एकेका बैठकीत, चालवणाऱ्यांना हे लक्षण ओळखीचं आहे. पहिलं सत्र झकास पार पडतं, दुसरंही ठीक जातं. तिसऱ्या-चौथ्या सत्राला मात्र यार्डाच्या पाचही लाइन खच्चून भरतात, स्टेजिंगमधून (लेआउटबाहेरचं जग म्हणून गाड्या उभ्या करायच्या आडबाजूच्या लाइनमधून) आलेली मालगाडी होम सिग्नलबाहेर ताटकळते आणि सिमेंट कारखान्याच्या चार जागांसाठी नऊ वॅगन रांगेत दिसतात. मग कोणीतरी दहा-बारा वॅगन हातानं उचलून स्टेजिंगमध्ये ठेवतं, कार्डं जमतील तशी लावतं, आणि पुढच्या चार सत्रांत पुन्हा तेच.

खापर फुटतं यार्डमास्तरवर. नाहीतर यार्डच लहान आहे म्हणून एक लाइन वाढवायचं ठरतं. लाइन वाढवली तर तुंबायला एखादं सत्र जास्त लागतं, इतकाच फरक. बहुतेक लेआउटवर हा गोंधळ वेबिलं (वॅगननं कुठे जायचं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या) लिहितानाच पेरला गेलेला असतो, आणि तो कागद-पेन्सिल घेऊनच निस्तरावा लागतो.

इथे गृहीत धरलेली पद्धत म्हणजे डग स्मिथ यांनी १९६१ मध्ये मांडलेली वॅगन कार्डाची. प्रत्येक वॅगनचं एक कायमचं कार्ड असतं: मालक रेल्वेची अक्षरं, क्रमांक, प्रकार, रंग, आणि तळाशी ‘वेबिल नसल्यास कुठे परत पाठवायची’ तो पत्ता. कार्डाच्या खिशात वेबिल खोचलेलं असतं. वेबिलावर पुढे दोन, मागे दोन असे चार पत्ते. त्या वेळी वर दिसतो तो चालू पत्ता. वॅगन पोचली की चिठ्ठी फिरवायची किंवा उलटायची आणि पुढचा पत्ता वर आणायचा. पद्धत साधी आहे, आणि म्हणूनच ती बिघडते कुठे हे चटकन दिसत नाही.

आधी तुंबण्याची चाल बघा

काहीही बदलण्याआधी चार-पाच सत्रं फक्त आकडे लिहा. सत्र संपलं की यार्डात किती वॅगन उभ्या आहेत, प्रत्येक कारखान्यात किती, आणि स्टेजिंगच्या प्रत्येक टोकाकडून किती आल्या नि किती गेल्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्मं निदान त्यातच होतं.

आकडा दर चौथ्या सत्राला उसळून पुन्हा खाली येत असेल तर वेबिलं एका तालात चालली आहेत. आकडा दर सत्राला थोडाथोडा चढतच जात असेल तर आवक-जावक जुळत नाही. आणि आकड्याला काही ताळमेळच नसेल, एकदा बारा, एकदा तीस, तर हिशेब बाजूला ठेवा आणि आधी कार्डं नि वॅगन जुळतात का ते पाहा. तीन दोषांचे उपाय वेगळे आहेत. तालाच्या दोषावर वॅगन कमी केल्या तर चौथं सत्र थोडं सुसह्य होतं, पण उरलेली तीन ओस पडतात.

चढत्या आकड्याचं कारण बहुधा अगदी सरळ असतं. स्टेजिंगमधून उतारानं येणारी गाडी १४ वॅगन घेऊन येते, पण परतीच्या चढावर तेच इंजिन ११ वॅगनच ओढतं. दर सत्राला ३ वॅगन मागे राहतात, पाच सत्रांत १५. यार्डमास्तर कितीही चपळ असला तरी हे १५ त्याच्याकडून जिरणार नाहीत. उपाय दोनच: येणारी गाडीही ११ वर आणा, किंवा दर तिसऱ्या सत्राला एक जादा गाडी वेळापत्रकातच घालून टाका.

सगळी वेबिलं क्रमांक १ वर

नवीन लेआउटवर हमखास होणारी गोष्ट. वेबिलं लिहून होतात, सगळी कार्डांत खोचली जातात, आणि सगळ्यांचा पत्ता क्रमांक १ वर असतो. आता लिहिताना माणूस साहजिकच पहिला पत्ता ‘रिकामी वॅगन, भरण्यासाठी अमुक कारखान्याकडे’ असाच लिहितो. सिमेंट कारखान्याची ९ वेबिलं असतील तर पहिल्या सत्रात नऊच्या नऊ वॅगन त्या चार जागांकडे निघतात. पुढची तीन सत्रं कारखाना रिकामा. पाचव्या सत्राला पुन्हा नऊ. दर सत्राअखेर सगळी वेबिलं सरसकट उलटत असाल तर हा ताल कधीच मोडत नाही.

तो मोडायचा असा. एका कारखान्याची सगळी वेबिलं टेबलावर एका ओळीत मांडा आणि वर दिसणारा पत्ता १, २, ३, ४, १, २ असा क्रमानं लावत जा. नऊ वेबिलं असतील तर एका वेळी दोन, फार तर तीन वॅगन सिमेंटकडे निघतील, आणि चार जागांना ते पेलतं. प्रत्येक कारखान्यासाठी हेच.

इथे एक गोष्ट हटकून विसरली जाते. वेबिल पुढे सरकवलं तर वॅगनही सरकवायला हवी. वर पत्ता ३ दिसत असेल, तर ती वॅगन आत्ता पत्ता २ च्या जागी उभी हवी. ती यार्डातच पडून राहिली आणि पत्ता ३ म्हणतो ‘भरलेली, पूर्व स्टेजिंग’, तर ती जी कुठे भरलीच नाही ती भरलेली म्हणून निघून जाईल. म्हणून ही मांडणी करताना कार्ड हातात घेऊन प्रत्येक वॅगन मागच्या पत्त्यावर नेऊन ठेवा.

थोडी वेबिलं तीन टप्प्यांची केलीत तर ताल पुन्हा जुळायला वेळ लागतो. चौथा रकाना काटा आणि तिसऱ्याखाली ‘यानंतर १’ लिहा. चार आणि तीन टप्प्यांची चक्रं बारा सत्रांनीच पुन्हा एकत्र येतात. दोन टप्प्यांच्या वेबिलांचा मात्र इथे उपयोग नाही, ती चारच्या तालातच बसतात.

उलटायचं कधी

या पद्धतीतली सगळ्यात महागात पडणारी सवय म्हणजे सत्र संपलं की सगळी वेबिलं उलटून टाकणं. पहिल्या गाडीनं यार्डात आलेली वॅगन त्याच सत्रात लोकल मालगाडीला (यार्ड आणि कारखान्यांमध्ये वॅगन नेणाऱ्या गाडीला) लागेलच असं नाही. ती यार्डातच राहिली आणि तिचं वेबिल उलटलं, तर कारखान्याचं तोंडही न पाहता ती परत स्टेजिंगला जाते. वरवर सगळं सुरळीत दिसतं, कारण कार्डाप्रमाणे वॅगन बरोबर चाललेली असते. कारखान्याला मात्र माल मिळत नाही आणि यार्डातून त्याच वॅगन दोन्ही दिशांना उगाच फिरत राहतात.

नियम एकच: वॅगन पत्त्यावर पोचली असेल तरच वेबिल उलटायचं. यार्डात किंवा गाडीत असलेल्या वॅगनच्या वेबिलाला हात लावायचा नाही. स्टेजिंगमध्ये पोचलेली, आणि पत्ताही स्टेजिंगपलीकडचा, तर उलटायचं.

पण सत्र संपल्यावर पोचलेली कुठली आणि आधीपासून तिथेच थांबलेली कुठली हे ओळखायचं कसं? कारखान्याच्या कार्डपेटीला तीन कप्पे असतात: सोडलेल्या, थांबलेल्या, उचलायच्या. वॅगन जागेवर सोडली की कार्ड पहिल्या कप्प्यात पाठमोरं ठेवा, म्हणजे लिहिलेली बाजू भिंतीकडे. सत्रानंतर पेट्यांवरून एक फेरी मारा आणि फक्त पाठमोऱ्या कार्डांची वेबिलं उलटून ती सुलटी करा. ज्यांचा माल भरायला वा उतरवायला एकच सत्र पुरतं ती ‘उचलायच्या’ कप्प्यात, ज्यांना जास्त लागतं ती ‘थांबलेल्या’त. थांबलेली वॅगन पुढच्या फेरीत एक कप्पा पुढे सरकते, वेबिल मात्र तेच राहतं. ही फेरी एकाच माणसानं मारावी. दोघांनी दोन टोकांकडून सुरुवात केली की मधला एखादा कारखाना दोनदा उलटला जातोच.

यार्डाला किती वॅगन झेपतात

आता खरा हिशेब. एक लेआउट घेऊ: यार्डाच्या ५ लाइन, प्रत्येकी ९ वॅगन, म्हणजे ४५. कारखाने ७, त्यांच्या जागा १८. स्टेजिंगच्या ४ लाइन, प्रत्येकी १४, म्हणजे ५६. एकूण जागा ११९. रुळांवर ९६ वॅगन आहेत आणि मालकाला वाटतं अजून २३ मावतील.

पोचल्यावरच उलटण्याचा नियम लावला की प्रत्येक टप्प्याला किती सत्रं लागतात ते मोजता येतं. एका सत्रात स्टेजिंग ते यार्ड, दुसऱ्यात यार्ड ते कारखाना, म्हणजे टप्प्याला दोन सत्रं, आणि त्यातल्या एका सत्राअखेर वॅगन यार्डात उभी. याचा सरळ अर्थ असा की कोणत्याही सत्राअखेर निम्म्या वॅगन यार्डात असणार. ९६ च्या निम्म्या ४८. यार्डात मावतात ४५. हे यार्ड तुंबणारच होतं. ते कधी, एवढाच प्रश्न होता.

शिवाय ४५ हा आकडा वॅगन नुसत्या उभ्या करण्यापुरता खरा. वर्गवारी करायला मोकळी जागा लागते. यार्ड साठ टक्क्यांच्या वर भरलं की एक वॅगन काढायला तीन हलवाव्या लागतात, आणि प्रत्येक जादा हालचालीबरोबर पुढचं काम आणखी मागे पडतं. म्हणून या यार्डाची कामाची क्षमता २७ धरा. निम्म्या वॅगन यार्डात राहणार असतील तर फिरत्या वॅगन जास्तीत जास्त ५४. उरलेल्या २७ पैकी १८ जागांवर ११ च्या आसपास आणि स्टेजिंगमध्ये १६. प्रत्येक कारखान्यात निदान एक जागा मोकळी राहिली की लोकलला श्वास घ्यायला वाव मिळतो.

९६ वरून ५४ म्हणजे ४२ वॅगन फडताळात. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण दुसरा रस्ताही आहे: वॅगन कमी करण्याऐवजी यार्डातला मुक्काम कमी करा. दुसरी लोकल मालगाडी सुरू करून आलेल्या आणि परतणाऱ्या वॅगनपैकी निम्म्या त्याच सत्रात पत्त्यापर्यंत नेता आल्या, तर टप्प्याला सरासरी दीड सत्र लागतं आणि यार्डाचा वाटा निम्म्यावरून एक तृतीयांशावर येतो. २७ च्या तिप्पट ८१. तितक्या वॅगन मग आरामात फिरतात. तिसरा मार्ग म्हणजे स्टेजिंगच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या वॅगन यार्डात येऊच न देणं. त्यांच्या गाड्या थेट न्या, किंवा त्या गाडीच्या मागच्या टोकाला एकत्र ठेवा, म्हणजे यार्डात फक्त पुढचा तुकडा तोडायचा.

लाइन वाढवण्यापेक्षा शंटिंग नेक, म्हणजे वर्गवारी करताना वॅगन ओढून घ्यायची यार्डाच्या टोकाची लाइन, आधी मोजा. नेक सगळ्यात लांब वर्गवारी लाइनइतकी तरी हवी आणि ती मुख्य मार्गापासून स्वतंत्र हवी. ९ वॅगनच्या लाइनला ५ वॅगनची नेक असेल तर प्रत्येक तुकडा दोनदा ओढावा लागतो, आणि नेक मुख्य मार्गावरच असेल तर दर गाडीला यार्ड हातावर हात ठेवून बसतं. अशा यार्डाला कामाची क्षमता साठ नव्हे, चाळीस टक्केच धरा.

आत्ता तुंबलेलं यार्ड मोकळं करताना

वॅगन उचलून नेण्याचा मोह आवरा. हातानं उचललेल्या वॅगनबरोबर कार्ड गेलं नाही की एका दोषातून दुसरा जन्मतो. आधी नवी आवक थांबवा. खऱ्या रेल्वेही गर्दी झाली की ठरावीक स्टेशनसाठी माल घेणं थांबवतात, तेव्हा यात खोटं काही नाही. मग यार्डात स्टेजिंगच्या पत्त्याच्या जेवढ्या वॅगन असतील त्यांची जादा गाडी बांधून काढा. त्यानंतर ज्या कारखान्यात जागा आहे तिथल्या. जागा नसलेल्या कारखान्याच्या वॅगन एका लाइनमध्ये मागे सारा आणि त्यांच्या कार्डांना क्लिप लावून ‘थांबवलेल्या’ म्हणून बाजूला ठेवा. वॅगन रुळांवरून काढायच्याच असतील तर फक्त स्टेजिंगमधून, सत्राबाहेर, कार्डासकट. वेबिल तेवढं खिशातून काढून घ्या.

कार्ड एक, वॅगन भलतीच

आकडे बेताल असतील तर एका टोकापासून सुरुवात करा आणि प्रत्येक लाइनवर कार्डांची गड्डी वॅगन्सच्या क्रमानं लावत जा. वॅगन आहे पण कार्ड नाही, आणि कार्ड आहे पण वॅगन नाही, अशा दोन याद्या होतात. बहुतेक नावं दोन्ही याद्यांत सापडतात.

कारणं ठरलेली आहेत. पाकिटातून एकाच क्रमांकाच्या दोन वॅगन आलेल्या असतात. किंवा शेवटचे तीन आकडे सारखे असतात आणि लोक शेवटचे तीनच वाचतात. एन स्केलमध्ये (१:१६० या लहान मापात) तर ३, ८ आणि ६ मधला फरक हातभरावरून दिसतच नाही. म्हणून कार्डावर शेवटचे तीन आकडे ठळक मोठे लिहा आणि ते दुसऱ्या कोणत्याही कार्डावर येणार नाहीत अशा बेतानं एका वॅगनचा क्रमांक बदला. रंगाबरोबर एखादी खूण लिहिली, ‘छतावर पांढरा पट्टा’ वगैरे, तर आणखी बरं.

उरलेली कारणं म्हणजे घसरलेल्या वॅगन. घसरली, कोणीतरी उचलून शेल्फवर ठेवली, कार्ड गाडीच्या गड्डीतच राहिलं. त्यासाठी सिक लाइन, म्हणजे बिघडलेल्या वॅगनची लाइन, ठेवा, निदान दोन वॅगनची, आणि तिथे रंगीत पट्ट्या असू द्या. घसरलेल्या वॅगनच्या कार्डात पट्टी खोचून ते सिक पेटीत टाकायचं, पट्टीवर काय बिघडलं ते एका ओळीत. दुरुस्तीत आधी कपलरची (वॅगन जोडणाऱ्या आकड्याची) उंची, मग चाकांमधलं अंतर, मग वजन तपासा. एचओसाठी (१:८७ माप) कपलर बनवणाऱ्या केडी कंपनीचा २०५ क्रमांकाचा उंचीमापक या कामाला पुरतो. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वॅगनचं वजन एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे सहा इंची वॅगनला ४ औंस, सुमारे ११३ ग्रॅम.

लोकल अडकते कुठे

जाणाऱ्या दिशेनं पाहता ज्या साइडिंगचा (कारखान्याकडे जाणाऱ्या फाट्याचा) सांधा, म्हणजे रूळ बदलायची जागा, समोरून फुटतो, तिथे लोकलला इंजिन फिरवून मागे लावल्याशिवाय वॅगन ढकलता येत नाही. जवळ लूप (दोन्ही टोकांना मुख्य मार्गाला जोडलेली बाजूची लाइन) नसेल तर वॅगन परत यार्डात येते, आणि पुढच्या सत्राला पुन्हा तीच कसरत. अशा साइडिंगचं काम उलट दिशेच्या लोकलला द्या आणि ते कारखान्याच्या पेटीवरच लिहून ठेवा. लूपमध्ये तोडलेल्या वॅगन फाउलिंग मार्कच्या (जिच्यापलीकडे वॅगन शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासते त्या खुणेच्या) आत पूर्ण मावल्या पाहिजेत, आणि दोन्ही सांध्यांपलीकडे इंजिनाला उभं राहण्याइतका रूळ मोकळा हवा.

उघड्या वॅगनचा एक दोष हिशेबात येत नाही, डोळ्यांना मात्र खुपतो: कोळशानं भरलेली हॉपर वॅगन खाणीकडेच चाललेली. कोळशाचा थर काढता येईल असा करा. थराखाली लोखंडी वॉशर चिकटवला की वरून चुंबकानं उचलता येतो, आणि वेबिल उलटण्याच्या फेरीतच थर काढायचा वा ठेवायचा. जागा असेल तर खाण आणि वीजकेंद्र भिंतीच्या दोन बाजूंना ठेवून रूळ आरपार न्या. भरलेल्या वॅगन खाणीच्या बाजूनं बाहेर काढा, वीजकेंद्रात ढकला. या वॅगन भिंतीतून पुन्हा खाणीतच पोचतात. रिकाम्या तशाच उलट दिशेनं. दोन्हींचे रेक कायम वेगळे राहतात.

जागा सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि संगणकाला नीट सांगा

‘चार वॅगनची साइडिंग’ हे माप नव्हे. एचओमध्ये ४० फुटी वॅगन कपलरसकट सुमारे १५ सेंटिमीटर, ५० फुटी सुमारे १९. लांबी सांध्यापासून नव्हे, फाउलिंग मार्कपासून रुळाच्या शेवटच्या बफरपर्यंत मोजायची. ६२ सेंटिमीटरच्या साइडिंगमध्ये ४० फुटी चार जातात, ५० फुटी तीनच. वेबिल लिहिताना वॅगनचा प्रकार लिहिला जातो, लांबी राहून जाते, आणि चौथी वॅगन फाउलिंग मार्कबाहेर डोकावते.

जेएमआरआय या मॉडेल रेल्वेच्या संगणक प्रोग्रॅमच्या ऑपरेशन्स विभागात हीच चूक वेगळ्या रूपात येते. तिथे ट्रॅकची लांबी स्केल फुटांत (खऱ्या रेल्वेवर भरतील त्या फुटांत) भरली असेल तर ६२ सेंटिमीटरचे एचओमध्ये १७७ फूट होतात. प्रोग्रॅम कपलरसाठी दर वॅगनमागे ४ फूट आपणहून धरतो, म्हणजे ४० फुटीचे ४४, आणि चारांचे १७६. बसतात. पण टेप जरा सैल धरून ६० सेंटिमीटर मोजलं तर १७१ फूट, आणि चौथी वॅगन कायम नाकारली जाते. ती मग यार्डात पडून राहते, आणि दोष पुन्हा यार्डावर.

गाडी बांधली पण वॅगन एकही लागली नाही, अशी तक्रार असेल तर बिल्ड रिपोर्ट (गाडी बांधण्याचा अहवाल) सर्वांत तपशीलवार पातळीवर ठेवून वाचा. प्रत्येक वॅगन का नाकारली ते त्यात लिहिलेलं असतं. बहुधा चारांपैकी एक: ट्रॅकवर जागा नाही, ट्रॅक त्या प्रकारची वॅगन घेत नाही, त्या दिशेच्या गाडीची खूण ट्रॅकवर केलेली नाही, किंवा मार्गावर त्या स्टेशनला परवानगी असलेल्या हालचाली संपल्या. स्टेजिंगमधून सुटणारी गाडी बांधलीच जात नसेल तर त्या लाइनवरच्या प्रत्येक वॅगनला ठिकाण मिळतंय का बघा. एका जरी वॅगनला मिळालं नाही तर सबंध गाडी अडते. आणि गाडी प्रत्यक्षात पोचण्याआधी ‘टर्मिनेट’ (गाडी संपवा) दाबू नका. प्रोग्रॅम सगळ्या वॅगन पोचल्या असंच धरून चालतो, आणि पुढच्या यादीत त्या जिथे नाहीतच तिथून उचलायला सांगतो.